येना

गावाचं नाव येना.
आधी मला थट्टाच वाटली.
कुणी विचारायचं, सुनयना पावरा कुठे चालली?
येना.
येतो रे, पण आधी सांग तरी कुठे!
ऑफिसात दोन दिवस हेच.

जर्मनीतलं गाव. भिंगं घासणाऱ्यांचं, म्हणे, पिढ्यान्‌पिढ्या.
आमच्या दोंडाईच्यातून दोघं निघाली,
ती आणि मोहित भदाणे,
बी.एस्सी. दुसरं वर्ष, दोन महिने, लेझरवर काम.
पासपोर्टच्या फोटोत मोहितचा शर्ट माझ्या मुलाचा.

मी प्रयोगशाळेतला परिचर.
डार्करूम म्हणजे काळ्या मांजरपाटाचा पडदा,
त्याला नऊ भोकं,
दुपारी फरशीवर नऊ सूर्य पडतात.
लेझर एकच. लाल, फूटभर नळीचा,
सरांच्या सहीशिवाय कपाटाबाहेर येत नाही
आणि व्होल्टेज पडलं की मलूल.

थंडीत पथाऱ्यांवर मिरची वाळते,
खिडकी लावली तरी खकाणा आत येतो.
अख्खी बॅच शिंकते.
पण त्या खकाण्यातच किरण दिसतो,
टेबलाच्या या टोकापासून त्या टोकाला
ताणलेल्या मांज्यासारखा.
बाकीच्या महिन्यांत मी डस्टर आपटायचो.
बघा, हा चालला.

जूनमध्ये रात्री साडेअकराला तिचा आवाज आला मोबाइलवर:
नानाभाऊ, इथे किरण दिसतच नाही.
हवा धुऊन घेतलेली.
पायांत निळ्या पिशव्या, डोक्याला टोपी,
आणि चष्मा असा, की दिवसभर ज्या रंगावर काम
नेमका तोच रंग गाळतो.
आरसा केसभर हलवायचा,
मग हातात कार्ड धरून हिंडायचं,
गेला कुठे, गेला कुठे.
तीन आठवडे झाले, मला सापडला नाही.
मोहितला दुसऱ्याच दिवशी सापडलेला,
पण तो बोलला नाही कुणाला,
त्याला वाटलं, चुकून असेल.

मला काय उत्तर देता येणार?
लिहिलं, डस्टर नाही का तिथे?

मग जुलैत पुन्हा आवाज. यावेळी घाईचा.
मॅडम मागे उभ्या होत्या, नानाभाऊ, माझ्या हाताकडे बघत.
म्हणाल्या, हे तुला कुणी शिकवलं?
खूण ओलांडली तर उलटं फिरवत नाही मी,
पार मागे जाते, पुन्हा त्याच बाजूनं येते.
तुम्हीच ओरडायचात ना,
स्क्रूच्या आट्यात पोकळी असते,
उलटा फिरवला की आधी पोकळीच फिरते
आणि आकडा खोटं बोलतो.
मी तुमचं नाव सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.
विचारलं, प्रोफेसर का?
मी हो म्हणाले.
चुकलं का?

बायकोनं ऐकलं, भाकरी थापता थापता म्हणाली,
तुम्ही कव्हय प्रोफेसर व्हयनात?
मी काही बोललो नाही.
दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन
सगळ्या सूक्ष्मदर्शकांच्या स्क्रूंना तेल दिलं.
सहा नंबरचा तरीही अडतोच.

आता डिसेंबर. तिचं तिसरं वर्ष.
येनाहून माझ्यासाठी आणलाय
एक टाकाऊ आरसा, नखाएवढा, कडेला चरा.
तो कपाटात, लेझरशेजारी,
आणि त्याला कुणाची सही लागत नाही.

आज पहिल्या वर्षाच्या पोरांना दाखवायला
तिनं नळी लावली. पडदा ओढला.
भिंतीवर लाल ठिपका, मध्ये काहीच नाही.
मी डस्टरला हात घातला.
थांबा, म्हणाली.
पडद्यामागे गेली,
कडी काढली,
खिडकी सताड उघडली मिरचीच्या दिशेनं.

पोरं ओरडली, मॅडम, नको!
तिला मॅडम म्हणाली.
तिनं मागे वळून पाहिलंसुद्धा, कोण मॅडम ते.
मग पहिली शिंक तिलाच आली.